करारात नसलेली खोली

सिद्धोधन वाव्हळे यांना कुणी ‘मालक’ म्हटलेलं खपायचं नाही. त्यांच्या वडिलांनी उभा जन्म दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून काढला होता आणि तो शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला होता. पुढे सिद्धोधनभाऊंनी ताडकळसला जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं, पंपांची एजन्सी घेतली, हाताखाली चार माणसं आली. तरी ‘मला भाऊ म्हणायचं’ हे ते कामाला लागणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. अशा माणसावर बावन्नाव्या वर्षी बास्केटबॉलच्या संघाचा मालक व्हायची वेळ आली. वेळापत्रकावर तसं छापूनच आलं. भाऊंनी तो कागद दोनदा वाचला आणि बायकोला म्हणाले, “रेणुका, दुसरा शब्द न्हाई का गं याला?”

रेणुकाबाई पोखर्णीच्या शाळेत शिक्षिका होत्या. वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणाल्या, “हाय की. हौशी माणूस.”

हौस खरीच होती. परभणीला कॉलेजात असताना भाऊ स्वतः खेळायचे. उंची बेताची, पण चेंडू हातात आला की दोघातिघांच्या बगलेतून निसटायचे. त्यांना शिकवणारे बन्सीधर सर रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी जिल्ह्याची लीग काढली. सहा गावांचे सहा संघ, डिसेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवारी दुपारचे सामने, खेळाडूंना हंगामाचा पगार. पहिल्या वर्षी जिंतूरच्या व्यंकटीशेठनी, ज्यांच्या घरचं कापसाचं जिनिंग होतं, जिल्ह्यातली चांगली पोरं वाट्टेल तेवढे पैसे मोजून आपल्याकडं ओढली. जिंतूर प्रत्येक सामना चाळीस-चाळीस गुणांनी जिंकायला लागलं. हंगामाच्या शेवटी अंतिम सामना बघायला खुर्च्या मांडणारी माणसंच तेवढी उरली.

तेव्हा भाऊ आणि बन्सीधर सर यांनी मिळून नियम केला. एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाला दोन लाखांच्या वर द्यायचे नाहीत. वरकड काही नाही. ना रोख, ना वस्तू, ना नोकरी. दुसऱ्या वर्षापासून सामने शेवटच्या मिनिटापर्यंत रंगायला लागले आणि माणसं मैदानाच्या भिंतीवर चढून बसायला लागली. त्या नियमाचा भाऊंना आपल्या दुकानापेक्षाही जास्त अभिमान होता. दोन लाखांच्या मर्यादेमुळं ताडकळससारखं खेडं जिंतूरच्या पैशापुढं उभं राहू शकत होतं.

तिसऱ्या वर्षी तर ताडकळस पहिल्या नंबरवर गेलं. ते गेलं भारतमुळं. भारत चारठाण्याकडचा, तेवीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून पोरगा शाळेच्या हंगामी वसतिगृहात वाढला आणि तिथल्या एका सरांनी त्याच्या हातात चेंडू दिला. लग्न झाल्यावर तोही बायकोला घेऊन तोडीवर जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. या वर्षी भाऊंनी त्याला संघात घेतलं आणि कोयता घरी राहिला. भारत बायकोसह ताडकळसला बाजारतळाजवळ लक्ष्मीबाई नावाच्या म्हातारीच्या घरात एक खोली घेऊन राहत होता. त्याचा कमी बोलणारा स्वभाव आणि रिंगखालचा त्याचा लांब हात, एवढीच भाऊंना त्याची ओळख होती.

जानेवारीच्या मध्याला जिंतूरहून एक बातमी आली. व्यंकटीशेठच्या एका खेळाडूचा भाऊ जिनिंगवर चौकीदार म्हणून लागला होता. पगार दर महिन्याला घेत होता, पण जिनिंगवर त्याला कुणी कधी बघितलं नव्हतं. भाऊंचं डोकं सणकलं. त्यांनी त्याच दिवशी बन्सीधर सरांना लेखी तक्रार दिली. शिवाय सुचवलं की बैठकीच्या आधी प्रत्येक खेळाडूकडून लिहून घ्यावं. वाक्य त्यांनी स्वतःच घडवलं : ‘करारातल्या रकमेशिवाय मला किंवा माझ्या घरच्यांना संघमालकाकडून काहीही मिळत नाही.’ त्यातले ‘किंवा माझ्या घरच्यांना’ हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले, कारण जिंतूरचा चौकीदार नेमका तिथंच अडकणार होता.

शुक्रवारी सरावानंतर ताडकळसच्या पोरांनी एकामागून एक सह्या केल्या. भारतनं कागद वाचला, परत वाचला आणि पेन भाऊंच्या हातात दिलं.

“भाऊ, माझ्याच्यानं सही होत न्हाई.”

“काहून?”

“खोटं होतंय ना ते.” भारत जमिनीकडं बघत होता. “मॅडमनी तुमाला सांगितलं न्हाई का?”

“कोन मॅडम?”

“आपल्या रेणुका मॅडम. खोलीचं भाडं त्याच देतात लक्ष्मीबाईला. पिंकीला दूध, अंडी, दवाखाना... समदं त्याच बघायल्यात. मला वाटलं तुमीच सांगितलंय त्यान्ला.”

बाकीची पोरं पाण्याच्या टाकीकडं गेली होती. भाऊंनी हातातल्या कागदांची चळत उगीच सारखी केली. पिंकी भारतची बायको, हे त्यांना माहीत होतं. तिला दिवस गेलेत, हे त्यांना आत्ता कळलं.

घरी आले तेव्हा रेणुकाबाई अंगणात सूप पुढ्यात घेऊन वाळलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. भाऊंनी गाडी लावली आणि उभ्याउभ्याच विचारलं, “तू भारतच्या खोलीचं भाडं देतीस?”

“देते.”

“कधीपासून?”

“पहिल्या सामन्यापासून.” त्यांनी शेंग सोलायची थांबवली नाही. “तुमी पोरांना ओरडायलालता अन् ती पोरगी पायऱ्यांवर बसली होती. पाय हे असे सुजलेले. इचारलं तर म्हन्ली, सहावा चालूय, पंधरा दिवसांनी सासू-सासऱ्याच्या मागं तोडीवर जानार. यांचा निम्मा पगार हंगाम संपल्यावर मिळनार, तवर इथं बसून खायचं काय?”

“अगं, पण मला सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हन्ला असता.”

ते खरं होतं.

“मी कुठं मालक हाय?” रेणुकाबाई पुढं म्हणाल्या. “संघ तुमचा. पगार माझा. मी माझ्या पगारातून कुनाला बी दूध पाजीन. तुमच्या त्या कागदात संघमालकाकडून असं लिहिलंय ना? मग भारतला म्हनावं, कर सही.”

भाऊ तिथंच ओट्यावर टेकले. उत्तर बिनतोड होतं आणि म्हणूनच त्यांना ते सोसवेना. जिंतूरहून बातमी आणणारा माणूस हेच सांगत होता : व्यंकटीशेठ म्हणतात, जिनिंग तर माझ्या चुलतभावाच्या नावावर आहे.

“रेणुका, आपन नियम केलाय. लहान गावांसाठीच केलाय.”

आता रेणुकाबाईंचे हात थांबले. “माझी आई मला कुठं बाळंत झाली म्हाईत हाय ना तुमाला?”

माहीत होतं. लग्नाच्या बोलणीतच सासूबाई सुलाबाईंनी ते सांगितलं होतं. परमुलखातल्या कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, रेणुकाबाईंचा जन्म झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी सुलाबाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडं निघाल्या होत्या. भाऊंनी ती गोष्ट सत्तावीस वर्षांत अनेकदा ऐकली होती. पण ती ऐकायची गोष्ट होती. आज ती बायकोच्या सुपातल्या हातांवर दिसत होती.

“मी नियम मोडला असंल तर मोडला,” रेणुकाबाई म्हणाल्या. “तुमाला मान खाली घालावी लागंल, त्याचं वाईट वाटतंय. पन त्या पोरीला मी कोपीत जाऊ देत न्हाई.”

भाऊ उठले, सूप आपल्याकडं ओढलं आणि शेंगा सोलायला लागले. सूप रिकामं होईपर्यंत दोघं सोलत राहिले.

बैठक रविवारी सकाळी बन्सीधर सरांच्या गच्चीवर होती, परभणीला. कोवळ्या उन्हात प्लास्टिकच्या सात खुर्च्या मांडलेल्या. सरांनी भाऊंची तक्रार वाचली. व्यंकटीशेठ पांढऱ्या सदऱ्यात आरामात मागं रेलून बसले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “जिनिंग माझ्या चुलतभावाच्या नावावर हाय. चौकीदार कोन ठेवायचा ते तो बघतो. माझा काय संबंध?”

सगळ्यांनी भाऊंकडं बघितलं. आता हा माणूस तापणार, असंच सगळ्यांना वाटलं होतं. भाऊ उभे राहिले.

“शेठचं उत्तर ऐकलं. तसंच उत्तर माझ्याजवळ बी हाय. आमच्या भारतच्या खोलीचं भाडं, त्याच्या बायकोचं खाणंपिणं अन् दवाखाना दीड महिन्यापासून माझ्या घरातून व्हायलाय. घरवाली देते, तिच्या पगारातून. परवापर्यंत मला म्हाईत नव्हतं. पन मला म्हाईत नव्हतं हे बी काय उत्तर न्हाई. माझ्या नावाची तक्रार मीच करतो. शेठच्या संगं मला बी धरा.”

मग व्यंकटीशेठ हसायला लागले, पण सोबत कुणी हसत नाही असं दिसल्यावर थांबले.

सेलूच्या संघाचे मालक डॉक्टर होते. ते म्हणाले, “अहो, हे तर माणुसकीचं काम आहे. ती चौकीदारी आणि हे एका तागडीत कशाला तोलायचं?”

पूर्णेच्या मालकानं हात झटकला. “तोलूच नका. समदेच काही ना काही देतात. मी माझ्या पोरांना बूट दिलेत, पेट्रोल देतो. खोटं कशाला बोलावं? ती मर्यादाच काढून टाका, म्हंजे चोरी बी न्हाई अन् कबुली बी न्हाई.” परभणीच्या मालकानं मान डोलावली.

गंगाखेडचा संघ सत्यशीलाताईंचा. त्यांची रोपवाटिका होती. नखांच्या कडेला कायम माती असायची. त्या म्हणाल्या, “मागच्या वर्षी माझ्या संघात नागेश होता. आठवतो?”

भाऊंना आठवला. बारकेला, चपळ, लांबून नेम धरणारा.

“त्याच्या वडलाच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर घालावं लागायचं. मला द्यायचं होतं त्याला काहीतरी. मी तुमाला फोन केला होता, सिद्धोधनभाऊ. नियमात बसतंय का इचारायला.”

तो फोन त्यांना लख्ख आठवला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आपण म्हणालो होतो, ताई, एकाला सूट दिली की समदे त्याच दारातून घुसतात. आणि फोन ठेवल्यावर त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगितलं होतं, बघा, लीग अशी चालवावी लागते.

“तुमी न्हाई म्हन्लात अन् मी न्हाई दिलं,” सत्यशीलाताई म्हणाल्या. “पोरगं खेळ सोडून पुण्याला कंपनीत गेलं. वडील पावसाळ्यात वारले. मी दिल्यानं ते वाचले असते असं न्हाई म्हनत मी. पन मी नियम पाळला अन् त्याचं मला अजून वाईट वाटतंय.”

“ताई, माझं चुकलं.”

“काय चुकलं ते आधी ठरवा. तवा न्हाई म्हन्लात ते, का आता दिलं ते?”

भाऊ परत खुर्चीवर टेकले. गच्चीखालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. शेवटी व्यंकटीशेठच बोलले, आणि त्यांच्या बोलण्यातली ऐट गेली होती.

“मी सांगतो माझं. चौकीदारी मी दया येऊन दिली न्हाई. त्याचा भाऊ, माझा खेळाडू, परभणीच्या संघाकडं चालला होता, तो हातचा जाऊ नये म्हनून दिली. मला जिंकायचं होतं. पहिल्या वर्षी सुरवातीचे सामने जिंकले तवा जिंतूरच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्याची चटक लागली. आता तुमी सांगा, सिद्धोधनराव. भारत तुमचा मोठा खेळाडू नसता, बाकावर बसनारा असता, तर तुमच्या घरातून दूध गेलं असतं का?”

त्यात टोमणा नव्हता. म्हणून भाऊंनीही खरं ते सांगितलं. “म्हाईत न्हाई, शेठ.”

बन्सीधर सरांनी चष्मा पुसला. पासष्टीचा माणूस, पण शिट्टी तोंडात असल्यासारखा बोलायचा. दोन्ही संघांचे तक्त्यातले चार-चार गुण वजा. दोघांनीही वरचं देणं आजपासून बंद करायचं, नाहीतर तो खेळाडू संघातून मोकळा करायचा. काय करणार ते दोन दिवसांत कळवायचं. आजारपण, बाळंतपण यांच्यासाठी लीगची वेगळी पेटी असावी का, हे हंगाम संपल्यावर बोलू. आत्ता मध्येच नियम वाकवायचा नाही.

“मान्य,” भाऊ म्हणाले. शेठनी नुसती मान हलवली.

जिना उतरताना सत्यशीलाताईंनी भाऊंना गाठलं. “कितवा महिना हाय पोरीला?”

“साडेसात.”

“पहिलंच?”

“पहिलंच.”

“मग तिच्या कानावर यातलं काय जाऊ देऊ नका. उगीच जिवाला लावून घेईल.” आणि त्या भराभर पायऱ्या उतरून गेल्या.

पण कानावर घालणं भागच होतं. त्या संध्याकाळी भाऊ आणि रेणुकाबाई लक्ष्मीबाईच्या घरी गेले. खोली दहा बाय दहाची. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात गुंडाळलेलं अंथरूण, भिंतीवर भारतची जर्सी खिळ्याला टांगलेली. भारत दारात वाकूनच उभा होता. पिंकीनं उठायची खटपट केली, तर रेणुकाबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

येताना रस्त्यात भाऊंचं मनाशी ठरलं होतं : भारतला मोकळं करायचं, म्हणजे आपल्या घराला पाहिजे ते देता येईल. तसं ते बोललेही. वाटलं, पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

भारतचा चेहराच पडला. “भाऊ, मला काढून टाकनार? माझं काय चुकलं? खरं सांगितलं ते?”

“अरे, तसं न्हाई...”

“कोयता सोडून मी खेळाया आलो. आता गावात समदे म्हनतेत, भारत खेळाडू हाय. मला न्हाई बसायचं घरी.” एवढं बोलणं त्याच्या तोंडून भाऊंनी पहिल्यांदाच ऐकलं. सव्वासहा फुटांचा गडी, डोळे भरून आले होते.

“मग मी बंद करते,” रेणुकाबाई हळूच म्हणाल्या. पण त्यांचा हात पिंकीच्या पाठीवरून हलला नाही.

तेव्हा पिंकी बोलली. वीस-एकवीस वर्षांची पोर, आवाज बारीक, पण सगळं आधीच मनात जुळवून ठेवल्यासारखी. “मॅडम, नियमात काय काय येतं?”

“पैसे, वस्तू, नोकरी,” भाऊंनी सांगितलं.

“मग खोलीचं भाडं आमी देतो. लक्ष्मीबाईला थांबा म्हनलं तर त्या थांबतात. हे सकाळी बाजारात पोती उचलायला जातील, सामने तर दुपारीच असतेत. दूध आमचं आमी घिऊ, अर्धा लिटर न्हाई तर पाव. सरकारी दवाखान्यात पैसे लागतच न्हाईत.” ती थांबली आणि मग रेणुकाबाईंकडं वळली. “पन तुमी येत जावा. रोज या. तुमी आल्या की मला भ्या वाटत न्हाई. येन्याचे पैसे धरतेत का नियमात?”

भाऊंनी तोंड फिरवून जर्सीकडं बघितलं. रेणुकाबाई म्हणाल्या, “न्हाई गं बाई. येन्याचे कोन धरनार?”

“सकाळी पोती कशाला,” भाऊंच्या तोंडून निघून गेलं, “दुकानात ये की...” आणि मग त्यांनी स्वतःची जीभ चावली. ते बघून पिंकी हसली, मग भारतही हसला.

त्यानंतरचे तीन आठवडे भाऊंना कधी नव्हे इतके जड गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले की बाजारात भारत तुरीची पोती पाठीवर घेऊन जाताना दिसायचा. थांबावं, निदान चहा पाजावा असं वाटायचं. मग चहा नियमात बसतो का, असा विचार यायचा आणि स्वतःचीच चीड यायची. एकदा त्यांनी खरंच बन्सीधर सरांना फोन करून विचारलं. सर म्हणाले, “चहा पाज रे बाबा. पण एकच.”

रेणुकाबाई शाळा सुटली की थेट खोलीवर जायच्या. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं पहिले दोन दिवस त्यांना हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मग त्या पिंकीची वेणी घालायला लागल्या. तिच्याच घरचं तेल घेऊन तिचे पाय चोळून द्यायला लागल्या. पिंकीची शाळा सातवीत सुटली होती. संध्याकाळी दोघी मिळून दवाखान्याचं कार्ड वाचायच्या, वजन किती वाढलं ते बघायच्या. भाऊ बाहेर स्कुटीवर बसून राहायचे आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला की दुकानाचे फोन घ्यायचे विसरायचे.

एका संध्याकाळी घरी परतताना त्यांनी मागं बसलेल्या बायकोला विचारलं, “शेठनी मला इचारलं होतं. भारत बाकावरचा असता तर तू दिलं असतंस का?”

रेणुकाबाईंनी थोडा विचार केला. “दिलं असतं. पन बाकावरचा असता तर ते ताडकळसला खोली करून राहिलेच नसते. ती तवाच तोडीवर गेली असती. भेटच झाली नसती आमची.” आणि जरा वेळानं, “अशा किती असतील, न्हाई?”

भाऊंनी स्कुटीचा वेग कमी केला.

चार गुण गेल्यानं ताडकळस पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरलं आणि जिंतूर दुसऱ्यावरून चौथ्यावर. अंतिम सामना सेलू आणि गंगाखेडमध्ये झाला. सत्यशीलाताईंचा संघ दोन गुणांनी जिंकला आणि ताई भर मैदानात पदरानं डोळे पुसत होत्या. त्याआधी तिसऱ्या नंबरासाठी ताडकळस आणि जिंतूर खेळले. दोन्ही मालक शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. सकाळभर पोती उचलून आलेल्या भारतचे पाय उत्तरार्धात जड पडले आणि जिंतूरनं सामना घेतला. शेठनी भाऊंकडं बघितलं. जिंकल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता आणि दाखवायलाही लाज वाटत होती. भाऊ म्हणाले, “हसा हो मोकळं. कमावलंय पोरांनी.”

हंगाम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी रेणुकाबाई सकाळी सहालाच दूध आणि अंडी घेऊन खोलीवर गेल्या. आता कुणाला विचारायचं कारण नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिंकीला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सकाळची वेळ. रेणुकाबाई आत गेल्या. भारत एकदा इकडून तिकडं आणि एकदा तिकडून इकडं असा व्हरांडा मोजत होता. भाऊ बाकावर बसले होते, तर जिन्यातून व्यंकटीशेठ आले. हातात काजू-बदामाचा पुडा, डिंक, आणि एक सुती दुपटं.

“बन्सीधर सरांना इचारून आलोय,” ते आधीच म्हणाले. “हंगाम संपला, अन् खेळाडू माझा न्हाई. दोन्हीकडून बसतंय नियमात.”

भाऊंनी सरकून जागा दिली.

“चौकीदाराचं काय केलं?” भाऊंनी विचारलं.

“तवा काढला होता, हंगाम संपल्यावर परत ठेवला. पन आता रोज यायला लावलंय. दोन दिवस तर जिनिंगचा रस्ताच सापडंना त्याला.” शेठ गालात हसले, मग गंभीर झाले. “तुमाला खरं सांगू? पुढच्या वर्षी बी मला मोह होईल. काहीतरी करीनच मी.”

“मग मी तक्रार करीन.”

“करा ना. तुमी करता म्हनून तर जरा धाक हाय.” त्यांनी पुडा मांडीवर नीट ठेवला. “पेटीचं घ्या मनावर. पयले पैसे माझे. कुनाच्या संघातला खेळाडू हाय ते बघायचं न्हाई, बाकावरचा असला तरी. सत्यशीलाताईंच्या हातात द्या चावी. त्यांना आपल्यापरीस जास्त कळतं.”

“ताईंना मी कालच बोललो,” भाऊ म्हणाले. “नागेशचा नंबर बी घेतला त्यांच्याकडून. फोन करायचा हाय. काय बोलावं ते सुचंना.”

“करा. बोलताना सुचंल.”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. रेणुकाबाई बाहेर आल्या. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, रात्रभर जागल्यासारखा चेहरा, पण उजळलेला. भारत जिथं होता तिथंच थबकला.

“पोरगी हाय,” रेणुकाबाई म्हणाल्या. “पिंकी चांगली हाय. पोरीचे पाय बघा तुमी, कसले लांब हायेत!”

“जिंतूरला घेतो मी तिला,” व्यंकटीशेठ ताबडतोब म्हणाले.

भारत मोठ्यानं हसला आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. शेठ दुपट्याची घडी उलगडायला लागले. भाऊ उठून बायकोजवळ गेले, तिच्या हातातली ओल्या कपड्यांची पिशवी स्वतःकडं घेतली आणि म्हणाले, “बस तू आता थोडी. मी हाय इथं.”